उंदरांसाठी पांढऱ्या भिंती

शनिवार, १८ जानेवारी

साक्षरता वर्गाच्या अफाफबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, परीक्षा पास झालात, आता रोज तारीख घालून लिहीत जा, नाहीतर अक्षरं विसराल. रोज मी काय लिहिणार? ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी लिहीन.

आज घडलं. दुपारी एक माणूस आमच्या फर्निचरच्या कारखान्यात आला. इंजिनिअर विसाम. इथे दमिएत्ताच्या बंदरात क्रेन बघतो, मूळचा पोर्ट सईदचा. मला वाटलं बेडरूमचा सेट हवा असेल. तर म्हणाला, "उंदरांसाठी मैदान बनवून पाहिजे."

म्हटलं, "मांजर परवडेल तुम्हाला."

हसला बिचारा. हे उंदीर यंत्राचे. मुठीएवढे, खाली चाकं. लोक नोकरी सांभाळून घरी बसून बनवतात, हौस म्हणून. एकदा कोपऱ्यात सोडला की हात लावायचा नाही, त्याने आपली वाट आपण शोधायची आणि भुलभुलैयाच्या मधल्या चौकात पोचायचं. सगळ्यात लवकर पोचेल तो जिंकला. २१ फेब्रुवारीला युवा केंद्रात स्पर्धा आहे. याआधी तीन कारखान्यांत जाऊन आला. कोरीवकाम नाही, सोनेरी वर्ख नाही, वीतभरसुद्धा उंची नाही म्हटल्यावर तिघांनी हाकलला.

मी हो म्हटलं. मला कुठलंही काम हवंच होतं. मितवल्लीने सांगून ठेवलंय, फेब्रुवारी संपायच्या आत तुझ्या हातून एक ऑर्डर पुरी होऊन बाहेर गेली तर कारखाना तुझा, नाहीतर जागा रबाबच्या भावाला फ्रिज ठेवायला देतो. मितवल्ली माझा नवरा. रबाब त्याची दुसरी बायको. दोन वर्षं झाली तो तिच्याकडे राहतो, नवीन दमिएत्तात.

इंजिनिअरने माप लिहून दिलं. जमीन काळी, ती काळ्या तयार बोर्डाची करायची. भिंती लाकडाच्या, सुट्या, काढून परत दुसरीकडे लावता येतील अशा.

"आणि भिंती पांढऱ्या हव्यात," म्हणाला.

"पांढऱ्याच देईन. पांढऱ्यात माझा हात धरणारं या गावात कोणी नाही."

"एकही डाग नको."

"डाग लागेल कसा? रंगवाल्याला जवळ फिरकू देणार नाही."

त्याने मान डोलावली.

आमचं कामच तसं वाटलेलं होतं. पांढरं माझं, रंग मितवल्लीचा. सुतार सांगाडा करून द्यायचा, मी घासून घासून पांढरं करायची, लोण्यासारखं. मग तो रंग-पॉलिश चढवायचा. नवरीकडचे लोक पलंग बघायला येतात ते पांढऱ्यावरच, रंगाखाली काय लपवलंय ते कळावं म्हणून. रंग लागला की वाहवा त्याची. तीस वर्षं असंच.

मंगळवार, २१ जानेवारी

मितवल्ली आला. दर मंगळवारी येतो, रंग फवारायचा कंप्रेसर चालू करून बघतो, तेल घालतो, फडक्याने पुसतो. पडून राहिला तर गंजतो म्हणे. दोन वर्षांत त्यावर एक स्टूलसुद्धा रंगलेलं नाही. निळा स्वेटर घातला होता. रबाबने विणलेला असणार, एक बाही लांब आहे.

"ऐकलं की उंदरांचं घर बांधतेस."

"घर नाही, मैदान."

"याच जागेत मी वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यांना सोनं लावलंय, इन्शिराह. आणि तू उंदीर आणलेस."

"उंदीर बरा. चार वाटा हुंगतो, पण शिरतो एकाच घरात."

तो फडकं कंप्रेसरवर टाकून बसला. चहा मात्र पुरा प्यायला. दोन चमचे साखर घातली होती, डॉक्टरने त्याला एकच सांगितली आहे. चुकून पडली.

रविवार, २६ जानेवारी

खांब कापायला घेतले. मैदानात सोळा बाय सोळा घरं, प्रत्येक घराच्या कोपऱ्याला एक खांब, म्हणजे दोनशे एकोणनव्वद. बोटाएवढे खांब. प्रत्येकाला चारी बाजूंनी खाच, भिंतीच्या टोकाला जीभ. जीभ खाचेत घट्ट बसली पाहिजे आणि चिमटीने ओढली की निघाली पाहिजे. पलंग सोपा. पलंग चुकला तर पाचर मारता येते.

समोरचा अम बकर, सत्तरीचा म्हातारा, अजून कोरीवकाम करतो. मधे चष्मा वर करून आला.

"सूनबाई, या घरात नवरी येणार ती शेपटीवाली का?"

"शेपटीवालीच. जिभेवाली मागितली असती तर तुझी बायको पाठवली असती."

"तिला नेतंय कोण. खांबांवर दोन वेलबुट्ट्या काढू का? नुसते ठोकळे बघवत नाहीत."

"उंदराला वेलबुट्टी दिसत नाही."

"मग माझ्या गिऱ्हाइकांसारखाच आहे," म्हणाला आणि गेला. संध्याकाळपर्यंत तेवढंच बोलणं झालं.

शनिवार, १ फेब्रुवारी

तीन दिवस पाऊस आणि समुद्रावरचा वारा. लाकूड ओल धरतं. काल बसत होत्या त्या जिभा आज बसेनात. सगळं वर घरात आणून पलंगाच्या एका बाजूला रचून ठेवलं. ती बाजू मोकळीच असते.

शुक्रवारी बदक केलं होतं, कांदा भरून. आजही तेच खाल्लं. उद्याही तेच. एका माणसापुरती लहान बदकं मिळत नाहीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मितवल्ली आला नाही. अम बकर म्हणाला, रबाबकडच्या त्याच्या मुलाला ताप आहे. दहा महिन्यांचं पोर, तापणारच.

कंप्रेसर मीच पाच मिनिटं चालवून बंद केला. नाहीतर म्हणेल, गंजवलास.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सगळं झालं. जमीन चार तुकड्यांत केली आहे, दारातून निघायला पाहिजे ना. खांब लावले, साडेतीनशे भिंती घासून पुऱ्या. शेवटचा हात इतक्या बारीक काचपेपरचा दिला की बोटांना लाकूड आहे हे कळू नये. झानचं लाकूड आधीच फिकट, त्यात असं तेज आलं की खिडकीतून ऊन पडलं तेव्हा मी स्वतः बघत उभी राहिले.

मितवल्ली आला. पोराचा ताप उतरला. त्याने एक भिंत उपसली, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली. मी काम करत असल्यासारखं दाखवलं.

"पांढरं चांगलं झालंय," म्हणाला. "रंग कोण देणार?"

"रंग नको म्हणालेत. पांढऱ्याच हव्यात."

"पांढऱ्यावर सोडायचं? वाया घालवलं की गं. मी असतो तर..." पुढचं बोलला नाही. "जाऊ दे. उंदरांना काय कळतंय."

निघताना दारात वळून म्हणाला, "शनिवारी तो इंजिनिअर बघायला येईल, त्याने पसंत केलं तर मी शब्द पाळीन."

तो गेल्यावर लक्षात आलं, तेलाची बाटली विसरून गेला. परत येईल घ्यायला म्हणून शटर उशिरापर्यंत वर ठेवलं. आला नाही. बाटली काही एवढी महाग नसते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लिहिणार नव्हते. पण लिहिते.

इंजिनिअर आला, पिशवीतून आपला उंदीर काढला. मैदान बघून आधी नुसता उभा. मला वाटलं काम बघून गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "छान आहे. पांढरा रंग कधी देणार आहात?"

"रंग? तुम्ही पांढरं सांगितलंत."

"हो, पांढरं."

"मग हे काय आहे?"

"हे लाकूड आहे बाई."

मी म्हटलं, लाकूडच पांढरं असतं, इंजिनिअर साहेब. पांढरं म्हणजे कोरं, रंगाचा हात न लागलेलं. दमिएत्तात पाच वर्षांच्या पोराला विचारा. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "मी पोर्ट सईदचा. आमच्याकडे पांढरं म्हणजे पांढरं. दुधासारखं."

"मग दुधासारखं म्हणायचं होतंत."

तरी म्हटलं सोडून तर बघू. त्याने उंदीर कोपऱ्यात ठेवला. चार घरं गेला आणि भिंतीवर नाक आपटलं. उचलून परत ठेवला, परत आपटलं. इंजिनिअरने समजावलं. उंदराला डोळे नाहीत, तो एक न दिसणारा उजेड टाकतो, भिंतीवरून तो परत किती आला त्यावरून भिंत किती लांब ते ओळखतो. पांढऱ्या रंगावरून तो एकसारखा परत येतो. माझ्या लाकडात एक फळी फिकट, दुसरी तांबूस, एकीचे रेषे उभे, एकीचे वाकडे. उंदीर गोंधळतो.

म्हणजे मी लाकूड जितकं उघडं केलं तितका तो आंधळा झाला. तीस वर्षं लाकडाचे रेषे वर काढले, आणि ते कोणालाच नको होते.

"गुरुवारी मैदान लावायचं आहे," तो म्हणाला. "होईल का? नाही झालं तर स्पष्ट सांगा, मी पुठ्ठ्याचं काहीतरी करतो."

"होईल," म्हटलं. कसं ते माहीत नव्हतं. रंगाचा फवारा मी आयुष्यात हातात धरलेला नाही.

भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलं. अम बकरने रंधा थांबवून ऐकलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

मितवल्ली आला. मंगळवार नसताना. काम करायचे जुने कपडे घालून आला होता, तो डागांचा शर्ट. मला वाटलं होतं रबाबने तो फेकून दिला असेल.

"चूक तुझी नाही," म्हणाला. "मलाही पांढरंच वाटलं होतं. गावातल्या कोणालाही तसंच वाटलं असतं."

"मग?"

"मग काय. दोन दिवसांचं काम आहे. मी फवारतो, तू मधे घासत जा. आधी करायचो तसं. आरशासारखं करून देतो." जाऊन कंप्रेसरवरचं फडकं काढलंसुद्धा.

"आणि फेब्रुवारीचं?"

तो नळी बघत म्हणाला, "काम मी पुरं केलं तर ते तुझं कसं होईल? तूच सांग. रबाबचा भाऊ रोज विचारतोय. चांगल्या कामावर बंद करू, मानाने. तू वर आरामात राहा. भाडं तुलाच देईन."

मी म्हटलं, नको.

"हट्ट करू नकोस. तुला रंग येत नाही."

"नको म्हटलं ना. जा तुम्ही. तुमचं पोर वाट बघत असेल."

असं नको होतं बोलायला. पण त्याने सरळ बोलावं की. दोन दिवस येतो म्हणाला आणि कारखाना मागितला. फडकं परत कंप्रेसरवर टाकलं, नीट, चारी कोपरे धरून, आणि गेला.

बरं झालं, नको म्हटलं. त्या मशीनच्या आवाजाने माझं डोकं दुखतं. आधीही दुखायचं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

घरांना रंग देणाऱ्यांच्या दुकानात गेले. भिंतीला लावायचा साधा पांढरा रंग घेतला, पाण्यात मिसळायचा. दुकानदार म्हणाला, "किती खोल्या आहेत?" म्हटलं, "दोनशे छप्पन्न." तो हसला नाही, बादली मोठी काढली.

ब्रशने लावतेय. लाकडाला हा रंग लावताना रंगाऱ्याच्या बायकोला लाज वाटली पाहिजे. आतल्या लाकडाचे केस उभे राहतात, हात लावला की खरखरीत. वाळलं की घासायचं, परत लावायचं. घासणं तेवढं माझ्या ओळखीचं.

आणि दुसरंच लफडं निघालं. रंगाने जिभा जाड झाल्या, खाचेत जाईनात. साडेतीनशे भिंती, सातशे टोकं. प्रत्येक टोक पुन्हा घासायचं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तो येणार नाही असं धरलं होतं. आला. दारात उभा राहूनच बघितलं. दोऱ्या बांधून त्यावर भिंती वाळत घातल्या होत्या.

"हा घराचा रंग आहे."

"भिंतीच आहेत. भिंतींना भिंतीचा रंग लावला, त्यात काय?"

"झानच्या लाकडाला ब्रशने चुना फासतेयस. माझ्या नावाच्या पाटीखाली."

"पाटी काढून न्या."

मला वाटलं आता ओरडेल. आत आला, बादलीत काडी घालून ढवळली, वर काढून थेंब कसा पडतो ते बघितलं. "दाट आहे. पहिल्या हाताला पाणी जास्त घाल, केस कमी उठतील. आणि टोकांना कागदाची चिकटपट्टी लाव, रंग लागणारच नाही. मग घासायला नको."

हे मला सुचायला हवं होतं. चारशे टोकं घासून झाली होती.

कंप्रेसरला तेल न घालताच गेला. चहाही झाला नव्हता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तीनचाकी गाडीवर मैदान युवा केंद्रात नेलं. जाताना मैदानाच्या तुकड्यांवर हात ठेवून मीच मागे बसले, गाडीवाल्यावर माझा विश्वास नाही. अम बकरने आपल्या दारातून हाक मारली, "नवरीची पाठवणी झाली का?" मी हात हलवला. हात पांढरे आहेत, रंग निघत नाही.

इंजिनिअरने भिंतीला हात लावला, मग उंदीर सोडला. मी बघितलं नाही, पाठ फिरवून खुर्च्या मोजल्या. चाकांचा आवाज येत राहिला, थांबत, वळत. मग तो म्हणाला, "पोचला."

म्हणाला चकाकी नाही ते फार बरं, चकाकणाऱ्या रंगावरून उजेड भलतीकडे उडतो. आरशासारखं केलं असतं तर हा परत आपटला असता.

हे मी मितवल्लीला सांगणार नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नमाजानंतर स्पर्धा. अकरा उंदीर आले होते, मन्सूरा, इस्कंदरिया कुठून कुठून. माणसं मोठी, कोणी बँकेत, कोणी दात काढणारा, पण उंदीर सोडताना सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. मी मागच्या रांगेत बसले.

आधी उंदीर हळू फिरतो. बंद गल्लीत शिरतो, थांबतो, मागे येतो, पुढच्या गल्लीत शिरतो. कोणी सांगायला नाही. मधल्या चौकात पोचला की परत कोपऱ्यात येतो, आणि मग दुसऱ्यांदा सोडला की सरळ, एका दमात. सगळी वाट पाठ झालेली. लोक दुसऱ्या वेळेला टाळ्या वाजवतात. मला पहिली फेरी आवडली. दात काढणाऱ्याचा एक काळा उंदीर एकाच कोपऱ्यात तीनदा गेला. मी हळूच म्हटलं, तिथे नाही रे, वळ. शेजारची बाई बघायला लागली.

मितवल्ली आला होता. समोरच्या बाजूला उभा, रबाब आणि पोर बरोबर. पोराला खांद्यावर बसवलं होतं. दोन फेऱ्यांच्या मधे तो मैदानाशी वाकला आणि अंगठ्याचं नख भिंतीच्या कडेवरून फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. ब्रशच्या रेघा दिसल्या असणार त्याला. त्याला सगळं दिसतं.

बक्षिसं झाली. इंजिनिअरने माइकवर सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "आणि हे मैदान बनवणाऱ्या मितवल्ली फर्निचर कारखान्याचे." पाटीवर तेच लिहिलंय, त्याचा काय दोष. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओळखीचे मितवल्लीकडे वळले.

तो तिथूनच, माइक नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा यात काही संबंध नाही. ते तिचं आहे. इन्शिराहचं."

इंजिनिअर गडबडला. "माफ करा. उस्ता इन्शिराह."

उस्ता म्हणजे कारागीर, हाताखाली माणसं ठेवणारा. बाईला कोणी म्हणत नाही. सगळे वळून बघायला लागले, मी उभी राहिले, मग बसले. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त होत्या. मला सारखं तेच ऐकू येत होतं, माझा संबंध नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मितवल्ली सकाळीच आला, रबाबच्या भावाला बरोबर घेऊन, टेम्पोतून. भाड्याच्या करारावर माझं नाव घालून आणलं होतं. म्हणाला, "वाच." मी वाचलं. दोन शब्द अडले, ते त्याने मधेच वाचून दाखवले नाहीत, वाट बघितली. सही केली. अंगठा नाही, सही.

"शब्द पाळला मी."

"पाळलात."

"मन्सूराचे लोकसुद्धा मैदान मागतायत, ऐकलं."

"हो. तसंच, पण याच्या अर्ध्या मापाचं."

"चांगलं आहे." मग त्याने आणि मेव्हण्याने कंप्रेसर उचलला. मी विचारलं, नेताय कशाला, इथे काय त्रास होतोय त्याचा. म्हणाला, "तुला जागा लागेल. आणि आता दर मंगळवारी तुझ्या कारखान्यात कशाला लुडबुड करू? बरं दिसत नाही."

"बरं दिसायला कोण बघतंय?"

"तू उस्ता झालीस आता," म्हणाला. चिडवून नाही म्हणाला. चिडवून म्हणाला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

चहा ठेवला होता. मेव्हणा टेम्पो चालू करून बसला होता म्हणून उभ्यानेच अर्धा घेतला. एक चमचा साखर घातली होती.

दुपारी मन्सूराच्या कामाचं लाकूड आलं. कंप्रेसर होता तिथे रचायचं ठरवलं होतं, तीच जागा कोरडी आहे. पण तिथे जमिनीवर चौकोनी डाग पडलाय, पॉलिश आणि तेलाचा, वीस वर्षांचा. खरवडून बघितला. निघत नाही असं नाही, कडेला निघाला थोडा. मग लाकूड दाराशीच रचलं. तिथे ओल येते, माहीत आहे. उद्या हलवीन.